संगीतमहोत्सव आणि वृत्तांताची भाषा

पुणे जिल्ह्यात दरवर्षी दोन मोठ्या संगीतघटनांची दखल वृत्तपत्रे घेतात. पं. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव ही पहिली होय. दुसरी नारायणगावची. तेथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड राहुट्या उभारतात, आणि गावोगावचे कारभारी यात्रेसाठी सुपारी देऊन फड ठरवितात. या दोहोंच्या वृत्तांतांची तुलना भाषाभ्यासकास उद्बोधक ठरेल.

सवाईच्या बाबतीत मराठी व इंग्रजी दैनिकांचे मार्ग सामान्यतः भिन्न असतात. मराठी वृत्तांत राग, ताल व बंदिश यांचा क्रमाने निर्देश करतो आणि 'तबल्यावर अमुक यांनी साथ केली' या ठराविक वाक्याने साथीदारांची नोंद पुरी करतो. वाचक जाणकार आहे, हे येथे गृहीत असते. इंग्रजी वृत्तांत अनभिज्ञ वाचक कल्पून रागाचा परिचय करून देतो व कलावंताच्या जीवनक्रमास अधिक जागा देतो. मराठी वृत्तांतातही दोष आहेतच. 'राग सादर केला' यातील क्रियापद इतके निर्गुण आहे की अर्थसंकल्पही त्याच क्रियापदाने मांडला जातो. तर 'मंत्रमुग्ध' हे विशेषण गायनाविषयी काहीच सांगत नाही. तथापि कोणी काय गायिले, एवढी माहिती तरी शिल्लक राहते.

नारायणगावकडे वळताच हा भाषाभेद मावळतो. मराठी वृत्तांत असो वा क्वचित येणारा इंग्रजी, दोहोंचा विषय एकच: किती राहुट्या, किती करार, किती लाखांची उलाढाल. वाक्यात फड हे बहुधा 'ठरविणे' या क्रियेचे कर्म असते. गाणारी वा ढोलकी वाजविणारा कर्ता म्हणून क्वचितच येतो. याचे कारण शब्दांचे दारिद्र्य नव्हे. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग, झीलकरी, सोंगाड्या अशी संपन्न परिभाषा तमाशापाशी आहे. महाळुंगे पडवळसारख्या आंबेगाव तालुक्यातील गावांतल्या श्रोत्यांस ती रागनामांहून अधिक परिचित असावी. उणीव आहे ती लेखनसंकेताची. सवाईस समीक्षक पाठविला जातो, नारायणगावास बाजारभावाचा वार्ताहर.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. वृत्तपत्र हे उद्याच्या अभ्यासकाचे साधन आहे. पन्नास वर्षांनी सवाईच्या एखाद्या रात्री कोणता राग झाला हे त्यास शोधता येईल. परंतु विठाबाई नारायणगावकरांच्या गावी जमलेल्या फडांपैकी कोणी कोणता वग रंगविला, हे त्यास कळणार नाही. सुपारीचा आकडा मात्र अचूक मिळेल. ज्या कलेचे वर्णन तिच्या स्वतःच्या परिभाषेत होत नाही, तिचा इतिहास अखेर हिशेबाच्या वहीपुरताच उरतो.