आकडा कुणाच्या रक्ताचा?

कवितेला आपण विचारतो, हा आवाज कुणाचा? आकड्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी विट्याचा. इथले पुरुष सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगले. नवरा परमुलखात, बायको गावात. एचआयव्हीचे समाजातले प्रमाण मात्र बायकांच्याच रक्तावरून काढले गेले.

1998 पासून देशभर ठरावीक केंद्रांवर पाहणी सुरू झाली. एकेका केंद्रातून 400 गरोदर स्त्रियांचे नमुने घेत. दुसऱ्या तपासणीतून उरलेले रक्त नाव पुसून तपासले जाई. निकाल त्या बाईला कळत नसे. केंद्रे बहुतांशी सरकारी दवाखान्यांतली. म्हणजे जिला खाजगी डॉक्टर परवडत नाही, तिचे रक्त साऱ्या समाजाचे माप ठरले! 2005-06 मध्ये घरोघर पाहणी झाली आणि 2007 मध्ये देशातील बाधितांचा अंदाज सुमारे 52 लाखांवरून 25 लाखांवर आला. माणसे बरी झाली नव्हती, मोजमाप बदलले होते.

प्रमाण घटले की प्रस्थापित सुखावतात. पण माणसे मेली तरी प्रमाण घटतेच. 2004 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे मिळू लागली, रुग्ण जगू लागले. तेव्हा प्रमाण न घटणे हेही यश असू शकते. नवी लागण किती आणि मृत्यू किती, हे शेजारी मांडल्यावाचून प्रमाणाला अर्थ नाही.

1996 मध्ये सांगलीत वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभारली. ज्यांना केवळ मोजले जात होते, त्या बोलू लागल्या. आकड्याची खरी समीक्षा मला तिथे दिसते.