उतारशाळेचा धनी

पवित्र आत्म्याच्या सणाच्या, २८ मे २०२३ या तारखेने व्हॅटिकनच्या संपर्क माध्यम विभागाने समाजमाध्यमांविषयी एक चिंतनपर पत्रिका प्रसिद्ध केली. तिच्या नावाचे मराठी रूपांतर 'पूर्ण उपस्थितीच्या दिशेने' असे करता येईल. आमच्याकडील प्रवचनांतून तिचा उल्लेख झाला तो बहुधा मोबाइलला बोल लावण्यापुरता. ज्यांनी ती वाचली त्यांना ठाऊक असेल की पत्रिकेचा सूर तसा मुळीच नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला हा तिचा कणा आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट आणि आजचे 'डिजिटल महामार्ग' यांची सांगड घालून, या वाटेवर आपण कोणाचे शेजारी झालो, असे ती विचारते. यंत्रणा माणसाला त्याच्यासारख्याच मतांच्या कोंडाळ्यात ठेवते, हेही ती स्पष्ट सांगते. पडद्यातून एका पंगतीला बसता येत नाही, ही तिची साधी नोंद तर आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. ख्रिस्तप्रसादाचे मर्म तीत आले.

एकाकी माणसाविषयी मात्र ती थोडी घाईने बोलते, असे आमचे मत आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ घरांतील १६९ नवख्या इंटरनेट-वापरकर्त्यांचा अभ्यास केला. वापर वाढला तसा घरातला संवाद घटला, ओळखीचे वर्तुळ आकसले, एकाकीपणा वाढला, असे त्यांनी १९९८ साली मांडले. व्याख्याते एवढेच सांगून थांबतात. पण त्याच संशोधकांनी २००२ साली लिहिले की, पुढे तपासले असता त्या लोकांतील हे परिणाम बहुतांशी ओसरले होते. आणि दुसऱ्या एका गटात, बोलक्या व माणसांचा आधार असलेल्यांना इंटरनेटचा लाभ झाला, तर अबोल व निराधारांचा तोटा. तेव्हाची साधने आजच्यासारखी नव्हती हे खरे. तरी तालांतांच्या दाखल्याचा शेवट आठवावा, असे हे चित्र आहे.

म्हणजे वाटेवर पडलेला माणूस मोबाइल येण्यापूर्वीच घायाळ होता. आमच्या वसईत वाड्या विकल्या गेल्या, मुले आखातात गेली, ओट्यांना जाळ्या लागल्या, हे सारे आधीच सुरू झाले होते. आज कितीएक आयांना परदेशातल्या लेकाचे तोंड दिसते ते त्या पडद्यावरच. तो काढून घ्या, असा उपदेश करणाऱ्याने तिच्याजवळ जाऊन बसण्याची तयारी ठेवावी. २०२० साली देवळे बंद असताना आम्हीही मिस्सा यूट्यूबवरून दाखवली. देवळे उघडली, तरी काही वृद्ध परतले नाहीत. ते आळसावले, असे आम्ही म्हणालो. त्यांतल्या कित्येकांना हात धरून आणणारेच कोणी उरले नव्हते, हे फार उशिरा कळले.

दाखल्यातील ज्या पात्रापाशी पत्रिकेने अधिक रेंगाळायला हवे होते, तो उतारशाळेचा धनी. शोमरोनी दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन निघून गेला. पुढच्या जखमा धुतल्या, रात्री काढल्या त्या या निनावी माणसाने. समाजमाध्यमे वार्ता पोहोचवतील, दिनारही पाठवतील. उतारशाळा चालवणे त्यांच्याने होणार नाही. ती धर्मग्रामाने चालवायची असते, आणि ती चालते का, हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंना अवघड जातो. वळसा घालून पुढे गेलेला पहिला माणूस याजकच होता.

गतवर्षी धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका वृद्ध गृहस्थांच्या पत्नीच्या निधनाची वार्ता आली. आम्ही परगावी होतो. अंत्यविधी सहायक धर्मगुरूंनी केला. आम्ही गटावर जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले. तशी शंभरावर चित्रे तिथे जमली होती. नवव्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. गृहस्थ एकटेच ओट्यावर बसले होते. त्यांच्यापाशी मोबाइल नव्हता.

"फादर," त्यांनी विचारले, "तुम्हांला कळले कधी?"