सदाफुली आणि तिची सगोत्रे : तौलनिक अभ्यासातील एक दोष

शोभेच्या औषधी वनस्पतींतील रसायने व त्यांची प्रतिऑक्सिडीकारक शक्ती यांची तुलना करणारे लेखन आज विपुल आहे. अशा तुलनेस नावाची निश्चिती व मापाची एकरूपता हे दोन आधार लागतात. सदाफुलीच्या बाबतीत दोन्ही डळमळतात.

लिनियसने १७५९ मध्ये तिला 'विंका रोझिया' म्हटले. जॉर्ज डॉनने १८३७ मध्ये ती 'कॅथरॅन्थस' प्रजातीत घातली. तथापि जुने नाव 'विनब्लास्टिन' व 'विनक्रिस्टिन' या औषधनामांत टिकले. त्यामुळे मूळ मादागास्करची सदाफुली आणि युरोपातील निळ्या फुलांची 'विंका मायनर' यांची गल्लत होते. वस्तुतः दुसरीचे प्रमुख अल्कलॉइड विंकामिन हे निराळे आहे.

मापाचेही तसेच. डीपीपीएच-परीक्षेत जांभळा रंग किती फिकटतो, एवढेच कळते. द्रावक बदलताच अंक बदलतो. मग पाण्यातील व मद्यार्कातील अर्कांचे अंक शेजारी मांडून कोणती जात श्रेष्ठ, हे कसे ठरावे? शिवाय ही शक्ती मुख्यतः फिनॉलिक द्रव्यांची. कर्करोगावरील गुण पेशीविभाजन रोखणाऱ्या अल्कलॉइडांचा. एकीवरून दुसऱ्याचे अनुमान निघत नाही.

कॅनडात नोबल व बिअर यांनी १९५० नंतरच्या दशकात सदाफुलीचा मधुमेहावरील लौकिक तपासला. त्यांना आढळले ते पांढऱ्या रक्तपेशी घटविणारे द्रव्य, म्हणजेच विनब्लास्टिन. अपेक्षित गुण न दिसताही त्यांनी दिसले त्याचीच नोंद घेतली. आजच्या तौलनिक लेखनात उणीव आहे ती याच विवेकाची.