खोपा कुणाचा?

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला काहीतरी हलकेफुलके द्यावे, अशी संपादकांची अपेक्षा असणार. मी मात्र एक वाद घेऊन आले आहे. वाद लहान आहे, पक्ष्याच्या घरट्याएवढा. परंतु गेली तीन वर्षे तो माझ्या मनातून उतरत नाही.

बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीवरची कविता मी वर्गात शिकवीत होते. पिलांसाठी खोपा विणणारी सुगरण, तिची एवढीशी चोच आणि शेवटी माणसाच्या हातांची, बोटांची आठवण. ही कविता ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. मी नेहमीचे वाक्य म्हटले, "बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण निरीक्षण केवढे सूक्ष्म!" तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, पण खोपा मादी बांधतच नाही. नर बांधतो. आमच्या विहिरीवर आहेत की!"

मी त्याला खाली बसवले. आमच्या धंद्यात ही एक सोय असते.

घरी येऊन पुस्तके चाळली, तर मुलगा खरा आणि मी खोटी. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांची वसाहत कित्येक दिवस न्याहाळली होती. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून पाहते. पसंत पडला तर राहते, नाही तर उडून जाते. पसंती मिळाली की नर उरलेले काम पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या खोप्याला, म्हणजे दुसऱ्या संसाराला, लागतो. (हा भाग मी वर्गात सांगितलेला नाही.)

गंमत पाहा, त्या 1930 साली बहिणाबाई पन्नास वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म 1880 सालचा, जळगावजवळच्या आसोद्याचा. इकडे समुद्रकाठी एक शास्त्रज्ञ खोपा पाहत होता आणि तिकडे खानदेशात एक शेतकरीण. दोघांनीही मन लावून पाहिले. मग एकाला नर दिसला आणि दुसरीला आई, असे का व्हावे?

एक उत्तर सोपे आहे: कवीला सगळे माफ. मला ते पटत नाही. ज्यांची थोरवी आपण निरीक्षणावर उभी करतो, त्यांचे निरीक्षण चुकले तर ते चुकले असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा हवा. मला वाटते, इथे डोळ्यांच्या आधी शब्द पोचला. आपल्या भाषेने या पक्ष्याला नावच सुगरण दिले. ज्या बाईच्या हाताला चव, तिला जे नाव तेच. एकदा सुगरण म्हटले की खोपा तिचाच होणार. शिवाय विणीचा काळ सोडला तर नर आणि मादी दोघेही चिमणीसारखे भुरकट दिसतात. पावसाळ्यात पिवळा होणारा तो कुणी वेगळाच पाहुणा वाटला तर नवल नाही.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. परंतु त्या मुलाने मला विहिरीवर नेले आणि माझे सगळे शिकवणेच उलटेपालटे झाले.

श्रावणातले चार रविवार मी त्या विहिरीच्या काठावर बसले. पहिल्या रविवारी अर्ध्या तासात कंटाळले. वह्या तपासायच्या होत्या, कादंबरीचे प्रकरण अडले होते, आणि बाभळीवर नुसता कलकलाट. दुसऱ्या रविवारी एकाच नरावर नजर ठेवली. तो गवताच्या लांब पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडी, ती कड धरून उडे आणि उडता उडता पात्याची सबंध पट्टी फाडून नेई. मग फांदीला उलटा लोंबकळून ती पट्टी खुपसायची, पलीकडून ओढायची, पुन्हा खुपसायची. एका पायाने धरी, चोचीने गाठ आवळी. मधेच एखादी मादी आली की सगळे नर पंख फडफडवीत आपापल्या अर्ध्या घराची जाहिरात करीत. ती दोन खोपे पाही आणि निघून जाई. चौथ्या रविवारी तीन खोपे तसेच अर्धवट राहिलेले दिसले. ते नापसंत झालेले.

तिथे बसून मला कवितेचा शेवट आठवला. वीस वर्षे मी तो उपदेश म्हणून शिकवला होता: पाखरू एवढे करते, तुम्हांला तर देवाने हात दिले आहेत, आळस करू नका! शाळेच्या भिंतींवरही तो याच अर्थाने रंगवलेला असतो. पण ज्या बाईने तिशीत वैधव्य आले असता शेत आणि घर दोन्ही ओढले, ती दुसऱ्याला आळशी म्हणायला खोप्याखाली थांबली असेल का? तिला थांबायला सवड तरी कुठे होती? जात्यावर, शेतात, कामाच्या लयीत तिची गाणी झाली. तिने खोपा पाहिला तो हातांनी काम करणारीच्या नजरेने. एक कारागीर दुसऱ्याची हत्यारे पाहतो तशी ती पाहते: अरे, याच्याजवळ तर नुसती चोच! आणि मग तिचे लक्ष आपल्या बोटांकडे जाते. मला तो उपदेश वाटेनासा झाला. ते नवल आहे, त्यात थोडा हेवाही असावा. नर की मादी इथे बाई चुकल्या. विणकामात चुकल्या नाहीत. आणि आपण रसिक मात्र विणकाम सोडून सुविचार तेवढा उचलून नेतो.

बहिणाबाई 1951 सालच्या डिसेंबरात वारल्या. 1952 साली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. तेव्हापासून त्यांचे कौतुक आपण भरपूर केले. सावकाश वाचले किती, याची मला शंका आहे. चाळीस मिनिटांच्या तासात एक कविता संपवणारी मी तर यात पहिली गुन्हेगार.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी तो मुलगा वाऱ्याने पडलेला एक खोपा घेऊन आला. हिरवा होता तो आता तपकिरी झालेला. आत चिखलाचे वाळलेले ठिपके; ते नर का लावतो यावर वर्गात बरीच भांडणे झाली. कवितेचा तास होता, पण पुस्तक मिटलेलेच राहिले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने खोप्यातली एक काडी अलगद सोडवली आणि पुन्हा होती तशी गुंफायला बसली. दहाही बोटे लावली. घंटा झाली, मुले डबे उघडून बसली, तरी ती मान खाली घालून तिथेच होती.