बोलण्याचे कर्तव्य

डोंगरावरील अपघाताचे खापर दैवाच्या माथी फोडणे सोपे असते. आणि कायद्याने तर या दैवाला 'ईश्वरी कृती' असे भारदस्त नावही दिले आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतातील वेलिंग्टन येथे १ मार्च १९१० रोजी हिमस्खलनाने दोन आगगाड्या दरीत लोटल्या व ९६ माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वे कंपनीवर दावा झाला. खालच्या न्यायालयात ती हरली. परंतु १९१४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. घडले ते मानवी शक्तीपलीकडचे होते, असे ठरले.

त्याच मुलखातील स्टीव्हन्स पास या स्कीक्षेत्राच्या हद्दीबाहेर, टनेल क्रीक नावाच्या उतारावर, १९ फेब्रुवारी २०१२ रोजी दुसरा लोट कोसळला. सोळा जण उतरावयास गेले होते, तिघे दगावले. जॉन ब्रँच यांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिहिलेला 'स्नो फॉल' हा वृत्तांत त्या दिवसाचा आहे. २०१३ साली त्यास पुलित्झर पारितोषिक लाभले. त्याची कीर्ती झाली ती मुख्यतः मजकुरासमवेत हलणाऱ्या चित्रांमुळे. आम्हांस मात्र तो वाचताना एखाद्या खटल्याचे कागद चाळीत असल्यासारखे वाटले. आणि त्यातील पुरावा ईश्वराच्या नव्हे, माणसांच्या विरुद्ध जातो.

हिमस्खलन हे आभाळातून पडणारे संकट नव्हे. निरभ्र, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दंव गोठून पिसासारखी नाजूक स्फटिके उभी राहतात. त्यांवर नवे बर्फ साचले की ती आत गाडली जातात. वर जड थर, खाली डळमळीत पाया. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा थर एका माणसाच्या भारानेही सुटतो. म्हणूनच माणसांचे बळी घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी बहुतेक त्या माणसांनी अथवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेली असतात. त्या दिवशीच्या इशाऱ्यात ५,००० फुटांवर धोका पाच पायऱ्यांपैकी चौथीवर, व त्याखाली तिसरीवर होता. ही तिसरी पायरीच फसवी. अनेकांचा जीव तीवरच जातो, कारण तेथे जाणे मूर्खपणाचे दिसत नाही.

मग या जाणत्यांचे चुकले कोठे? ज्ञानाची उणीव नव्हती. त्यांत व्यावसायिक स्कीपटू होते, लेखक होते, स्पर्धांचे परीक्षक होते. उतारावर एका वेळी एकानेच जावे, इतरांनी सुरक्षित जागी थांबावे, हे त्यांस ठाऊक होते. परंतु टोळी वाढत गेली, आणि ती फार मोठी झाली हे काहींच्या मनात आले. ओठांवर मात्र आले नाही. इतके अनुभवी लोक निघाले आहेत, त्या अर्थी ठीकच असेल, असा प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहून निष्कर्ष काढला. आमच्या मते ब्रँच यांच्या वृत्तांताचे खरे मोल येथे आहे. अपघाताचा क्षण नव्हे, तर त्यापूर्वीची ती संकोचाची घटका त्यांनी टिपली.

भारतीय करार अधिनियमाच्या सतराव्या कलमाच्या स्पष्टीकरणात या घटकेसाठी एक उपयुक्त भेद आहे. केवळ मौन हे कपट नव्हे. मात्र परिस्थितीच अशी असेल की मौन धरणाऱ्यावर बोलण्याचे कर्तव्य येते, तर गोष्ट निराळी. या माणसांनी कोणास फसविले असे कोणी म्हणणार नाही. तथापि बर्फाळ उताराच्या माथ्यावर हे कर्तव्य प्रत्येकावर येते, आणि सर्वांत नवख्यावरही तितकेच येते. गाडले गेल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच वाचण्याची आशा मोठी. त्यापुढे ती झपाट्याने ओसरते. शोधयंत्र आणि फावडे ही नंतरची साधने झाली. आधीचे साधन एकच, आणि ते म्हणजे 'मला हे बरे दिसत नाही' असे म्हणणारा मनुष्य.

असे असूनही या कृतीविषयी आमची एक तक्रार आहे. तिची रचना शोकांतिकेची आहे. प्रारंभीच बर्फाखाली गाडलेली स्त्री दिसते. ती पाठीवरील हवापिशवीमुळे वाचली, हे पुढे कळते. त्यानंतरची प्रत्येक खूण त्या अंताकडे बोट दाखवीत येते. परिणामी वाचकास वाटू लागते की, हे टळणारच नव्हते. पुराव्याने ज्या दैवाला दाराबाहेर घालविले, ते कलेच्या खिडकीतून परत आत शिरते. वस्तुतः पहिला गडी उताराला लागेपर्यंत काहीच अटळ नव्हते. सोळांना मागे फिरण्यास वाट मोकळी होती. ती मोकळी वाट या वृत्तांतात पुरेशी दिसत नाही.

तरीही तो वाचावा. विशेषतः दरसाल हिमालयाची वाट धरणाऱ्या आपल्या तरुणांनी. चित्रे विसरावीत, ती संकोचाची घटका तेवढी लक्षात ठेवावी. १९१४ साली न्यायालयाने जे ईश्वराच्या नावे लिहिले, त्याचा मोठा वाटा येथे माणसांच्या नावे मांडावा लागतो. आणि जे माणसांचे आहे, तेच सुधारता येते.