बढतीचे नियम आणि कल्पित वीर

कल्पित वीरांची भूमिका घेऊन मेजाभोवती खेळावयाच्या खेळांत वीराची बढती कशी व्हावी, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. खेळाची नीती तेथेच ठरते, असे आम्हांस वाटते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये राक्षस मारून गुण मिळत, तसेच भुयारातून आणलेल्या सुवर्णनाण्यांमागेही मिळत. साहजिकच वीर पराक्रमापेक्षा द्रव्य शोधी, आणि गुण साठताच एकदम वरची पायरी चढे. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने ही घाऊक बढती नाकारली. तेथे जे कौशल्य यशस्वीपणे वापरले त्यावर खूण होते. पुढे फाशांचे दान अंगच्या टक्क्यांहून अधिक पडले, तरच ते वाढते. त्यामुळे नवशिका झपाट्याने शिकतो, निष्णाताला मात्र प्रत्येक पाऊल जड जाते. विद्येचा हा स्वभाव नियमांत नेमका उतरला आहे. दोष एवढाच, की खुणेसाठी खेळाडू नको तेथे नको ते शस्त्र उपसतो. लोभ गेला नाही, त्याने केवळ नाणे बदलले. तरीही, ज्येष्ठतेने मिळालेली पायरी आणि हाताने कमावलेली विद्या यांतील अंतर कचेरीत नित्य पाहणाऱ्या आमच्या वाचकांस हा दुसरा मार्गच अधिक सच्चा वाटेल.