समाईक धनास नांव कोणतें?

धर्मपंथाच्या अर्थविषयक आदर्शाचें भाषांतर करतांना जवळ दिसेल तो शब्द उचलण्याचा मोह होतो. हुटराइट पंथाविषयीं लिहूं लागतांच 'साम्यवाद' हा शब्द असाच लेखणीशीं येऊन उभा राहतो. तो टाळावा, असें आमचें म्हणणें आहे.

१५२८ सालीं मोराव्हियांतील निकोल्सबुर्ग सोडून निघालेल्या सुमारें २०० प्रौढ अनाबाप्टिस्टांनीं वाटेंत एक झगा अंथरला आणि प्रत्येकानें जवळ होतें नव्हतें तें त्यावर ठेविलें. १५३३ पासून याकोब हुटर याच्याकडे पुढारीपण आलें. १५३६ सालीं इन्सब्रुक येथें त्यास जिवंत जाळण्यांत आलें. छळामुळें देशोदेशीं फिरत हे लोक १८७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत गेले. आज कानडा व अमेरिका मिळून त्यांच्या सुमारें ५०० वसाहती आहेत. शेती एक, स्वयंपाकघर एक, आणि मजुरी कोणासच नाहीं.

कार्ल कौट्स्की यानें १८९५ सालीं अनाबाप्टिस्टांना आधुनिक समाजवादाचे पूर्वसूरी ठरविलें. बाह्य साम्य खरें आहे. परंतु साम्यवाद हक्कापासून निघतो आणि राज्यसत्ता हातीं घेऊं पाहतो. हुटराइट दानापासून निघतात आणि राजाची तलवार हातीं धरीत नाहींत. समता हें त्यांच्या आचाराचें फळ आहे, मूळ नव्हे.

मग 'अपरिग्रह' म्हणावें काय? हजारों एकर जमीन व यंत्रसामग्री बाळगणाऱ्या वसाहतीस तो शब्द शोभत नाहीं. गांधीजींची 'विश्वस्तवृत्ति' धनिकाची मालकी कायम ठेवून त्याची दृष्टि बदलूं पाहते. येथें धनिकच उरत नाहीं. आपल्यास सर्वांत ओळखीचें तें एकत्र कुटुंब. पण मिताक्षरेच्या कुटुंबांत जन्मतःच हक्क मिळतो (२००५ पासून कन्येसही) आणि वांटणी मागतां येते. हुटराइट वसाहतींत वांटणी नाहीं. दुसऱ्या पंथांत गेल्यामुळें बहिष्कृत झालेल्या कांहीं सभासदांनीं आपला हिस्सा मागितला, तेव्हां कानडाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७० सालीं तो नाकारला. धर्म बदलण्याचें स्वातंत्र्य हाही धर्मस्वातंत्र्याचाच भाग आहे, असें भिन्न मत एका न्यायमूर्तीनें मात्र नोंदविलें.

पंथाच्या स्वतःच्या जर्मन परिभाषेंत दोन शब्द जोडीनें येतात: 'ग्यूटरगेमाइनशाफ्ट', म्हणजे धनाची समाईकी, आणि 'गेलासेनहाइट', म्हणजे आपली इच्छा ईश्वरेच्छेंत सोडून देणें. पहिल्याचें भाषांतर करून दुसरा गाळला, तर घर राहतें, दिवा जातो. सुदैवानें आपल्या धर्मशास्त्रांत 'स्वत्व' हा शब्द आहे. तेथें त्याचा अर्थ मालकी. दान म्हणजे आपलें स्वत्व संपवून दुसऱ्याचें उत्पन्न करणें. नेहमींच्या मराठींत मात्र स्वत्व म्हणजे मीपण. हे दोन्ही अर्थ एका शब्दांत नांदतात, म्हणून आम्ही 'स्वत्वविसर्जन' हा शब्द सुचवितों.

शब्द कठोर आहे, असा आक्षेप येईल. तो यथार्थ आहे. दीक्षा प्रौढपणीं व स्वेच्छेनें घेतली जाते हें खरें. तथापि वसाहतींत वाढलेल्या मुलानें दुसरें जग पाहिलेलें असतेंच असें नाहीं, आणि बाहेर पडणारा रिकाम्या हातांनीं पडतो. 'बंधुभाव' किंवा 'सहजीवन' हे गोड शब्द ही किंमत झांकून ठेवितात. झग्यावर ठेविलेलें परत उचलतां येत नाहीं, हें ज्या नांवांतून कळतें तेंच या आदर्शास द्यावें.